जांभळ्या सायकलचं हँडल

सर, तुमची जांभळी सायकल न्यायला उद्या सकाळी तुमची मुलगी येणार आहे. तिला ती नुसती घरात ठेवायची नाही, चालवायची आहे, आणि पहिल्यांदा चालवायची तीही नावड्याच्या पलीकडच्या खदानीच्या टेकडीवर, जिथे तुम्ही पडलात. "दादा, तू फक्त रेडी ठेव, बाकी टेन्शन घेऊ नको," असं फोनवर म्हणाली. मी हो म्हटलं. सायकलचं मला टेन्शन नाहीच. ती गेली अकरा वर्षं तयार आहे. पण तुम्ही कशामुळे पडलात हे तिला ठाऊक नाही, काकूंना ठाऊक नाही, आपल्या रविवारच्या सायकलवाल्या टोळक्यातही कुणाला ठाऊक नाही. सगळ्यांना मी एकच सांगितलं, खडीवरून चाक घसरलं. खरं काय ते मला ठाऊक आहे आणि तुम्हाला. उद्या ती समोर उभी राहिली की सांगायचं की पुन्हा खडीचंच नाव घ्यायचं, हे ठरत नाही म्हणून घणसोली गावातल्या या भाड्याच्या खोलीत भर दुपारी लिहायला बसलो आहे. आजूबाजूला एकवीस जुन्या सायकली टांगलेल्या आहेत. दार उघडं आहे, बाहेर पोरं खेळतायत, तरी तुमच्या सायकलकडे पाठ करून बसायला मन घेत नाही. खुर्ची दोनदा फिरवून घेतली.

आयटीआयच्या वर्कशॉपमधला तो पहिला आठवडा मला अजून लख्ख आठवतो. तुम्ही प्रत्येकाला लोखंडाचा एकेक ठोकळा दिला होतात, कानशीने घासून सपाट करायला. बाकीची मुलं तीन दिवस घामाघूम होऊन कानस मारत होती. मी दुसऱ्याच दिवशी हळूच पॉलिश पेपर मिळवला आणि ठोकळा असा चकचकीत केला की त्यात माझे दात दिसत होते. मोठ्या तोऱ्यात तुमच्या टेबलावर नेऊन ठेवला. तुम्ही चष्म्याची दोरी मानेवर सरळ केलीत, ठोकळ्यावर काटकोन तपासायचा गुण्या टेकवलात आणि खिडकीकडे धरून मला बोलावलंत. गुण्या आणि ठोकळा यांच्यामधून उजेड येत होता. "चकाकी मागितली नव्हती मी, लेका. ह्यातनं उजेड दिसतोय का न्हाई ते बघ," म्हणालात, आणि ठोकळा भंगाराच्या पेटीत टाकलात. वर्गात हशा झाला. मला तुमचा इतका राग आला होता की घरी जाऊन जेवलो नाही. पण नवा ठोकळा घेऊन पुन्हा घासला तो तुमच्यासाठीच. त्या वयात मला कुणीतरी इतकं नीट पाहून रागावलं होतं, याचं आतून बरंही वाटलं असावं.

सायकलीचं वेड तुम्हीच लावलंत. शेजारी राहणाऱ्या, बोटीवर नोकरी करणाऱ्या इंजिनिअरने परदेशातून आणलेली जाड टायरची, लोखंडी फ्रेमची ती जांभळी सायकल तुम्ही त्याच्याकडून घेतलीत तेव्हा कोपरखैरण्यात तसली दुसरी नसेल. गियर अंगठ्याने ढकलायचे, ब्रेक दोन्ही बाजूंनी कात्रीसारखे मिटणारे. तुमच्या स्वयंपाकघरात रविवारी दुपारी तिची चिरफाड चालायची. काकूंच्या पोह्यांच्या ताटलीत बेअरिंगचे छर्रे, तुपाच्या डब्यात डिझेल आणि त्यात बुडवलेली चेन. एकदा तर काकूंनी माझ्या पुढ्यात शिरा ठेवला आणि तुम्ही चमच्याऐवजी मला पाना दिलात. काकू म्हणाल्या, "ह्या घरात एक दिवस ग्रीसची फोडणी बसणार आहे." मग आपल्यासारखे आणखी वेडे भेटत गेले, भंगारवाल्यांकडून, बिल्डिंगच्या जिन्याखालून जुन्या माउंटन बाइक सोडवून आणणारे. त्यांच्यात तुम्ही तीन जाती पाडल्या होत्या, जमवणारे, जोडणारे आणि चालवणारे. माणसात तिन्ही हवेत म्हणायचात, नाहीतर जमवणारा गोदाम होतो, जोडणारा सोनार होतो आणि चालवणारा सगळं मोडून ठेवतो. मला सोनार म्हणून चिडवायचात. आणि तुमचा एक नियम होता, जी सायकल वर्षभर चालवली नाही ती आपली नाही, ती चालवणाऱ्याला देऊन टाकायची. त्या नियमाने तुम्ही माझ्या तीन सायकली लोकांना वाटल्यात, सर. एकीची आठवण अजून येते.

तुमच्या निवृत्तीला काहीतरी द्यायचं मनात होतं. काकूंना सामील करून घेतलं आणि तुम्ही गावी गेला असताना जांभळी माझ्याकडे आणली. चार महिने तुम्हाला काय काय थापा मारल्या ते काकूंनाच विचारा. रंगाला हात लावला नाही, बाकी एकेक नट उघडून मूळचाच भाग पुन्हा बसवला. तुम्ही मधल्या काळात हँडल बदलून साधं लोखंडी टाकलं होतंत. मूळचं ॲल्युमिनियमचं हँडल तुमच्या माळ्यावर सापडलं, त्यावरचं स्टिकरसुद्धा शाबूत. मला आकाश ठेंगणं झालं. आपल्या लोकांना हे दुसऱ्या कुणाला समजावता येत नाही, की वीस वर्षांपूर्वीचं मूळ स्टिकर पाहिलं की डोकं कसं फिरतं. ते हँडल तुम्ही उगीच काढलं नव्हतं, हे मला कळायला हवं होतं. ॲल्युमिनियम थकतं आणि सांगत नाही, हे तुम्हीच वर्गात शिकवलं होतंत. मी स्टिकर सांभाळून ते घासलं, पॉलिश केलं, बसवलं. हँडल धरून ठेवणाऱ्या मधल्या पकडीजवळ केसाएवढी एक रेघ होती. कधी वाटतं होती, आणि मी ओरखडा समजून घासून टाकली. कधी वाटतं नव्हतीच, नंतर मी ती मनात काढली. इतक्या वेळा आठवून झालंय की आता माझाच माझ्यावर भरवसा राहिलेला नाही.

निवृत्तीच्या दिवशी सगळ्यांसमोर सायकल पाहून तुमचे डोळे भरले होते. बराच वेळ नुसता हात फिरवत राहिलात. मग हँडलवर हात थांबला. "हे नवीन घातलंस ना?" असं विचारलंत. इतकं चकाकत होतं की तुम्हालाही ओळखू आलं नाही. त्या क्षणी खरं सांगितलं असतं तर तुम्ही तिथल्या तिथे ते उतरवलं असतंत, भंगारात टाकलं असतंत, आणि सगळे हसले असते. मी म्हटलं, "हो सर, त्याच कंपनीचं, त्याच मापाचं मिळालं." तुम्ही माझ्या पाठीवर थाप मारलीत. ती थाप मला आजही सहन होत नाही.

त्यानंतरचा तिसरा रविवार. सकाळचे साडेसात झालेत, तळोज्याच्या कारखान्यांकडून तो आंबट वास येतोय आणि खदानीवर धूर आणि धुकं मिसळून पांढरं झालंय. बाकीचे खाली चहाच्या टपरीवर आहेत, वर आपण दोघंच. बंद पडलेली खदान, तिच्या तळाला साचलेलं हिरवं पाणी, पलीकडे माणसं राहायला न आलेले टॉवर, त्यांच्या खिडक्यांना अजून काचा नाहीत. तुम्ही म्हणताय, "सोनार, तू आज मागनं ये, मी रस्ता काढतो." तुम्ही उतारावर सुटता. धुक्यात तुमचा शर्ट दिसेनासा होतो. मग एक आवाज येतो, सुकी काठी मोडावी तसा, आणि नंतर दुसरा काहीच आवाज नाही. मी खाली येतो. तुम्ही खडीवर, डोकं दगडाला लागलेलं. सायकल चार हातांवर. हँडल पकडीजवळून दोन तुकडे. बाकीचे पोचेपर्यंत मी ते दोन्ही तुकडे काढून माझ्या पाठीवरच्या सॅकमध्ये भरलेले असतात. का भरले याचं उत्तर मी अकरा वर्षं शोधतोय, आणि ते फार सोपं आहे, मी घाबरलो होतो. खडीवरून घसरले, असं मी सांगितलं आणि सगळ्यांनी मानलं, कारण खडी समोर दिसत होती; तुम्हाला उचलायच्या गडबडीत सायकलकडे कुणी बघितलं नाही, ती नंतर मीच माझ्या घरी नेली.

तुमचे दिवस झाल्यावर काकूंनी सायकल मलाच दिली. "तूच ठेव रे, तू मनापासून केली होतीस, मला बघवत नाही," म्हणाल्या. मी तिच्यावर नवं लोखंडी हँडल चढवलं. पुढे सायकली वाढल्या तेव्हा ही खोली घेतली आणि तुमची सायकल आतल्या भिंतीवर टांगली. एकदाही चालवली नाही. तुमच्या नियमाने ती पहिल्या वर्षानंतरच माझी राहिली नव्हती, पण सांगणार कोण. आता पुढचं सांगतो ते तुम्ही हसण्यावारी न्याल. टांगलेल्या सायकलच्या टायरमधली हवा पंधरा-वीस दिवसांत बसते, अंगठा दाबला की आत जातो. म्हणून मी रविवारी येऊन एकेकीत हवा भरतो. वीस सायकलींत भरावी लागते. तुमच्या सायकलमध्ये लागत नाही. सुरुवातीला वाटलं ट्यूब चांगली लागली. वर्ष झालं, दोन झाली. टायर कडक. एका रविवारी मी मुद्दाम दोन्ही चाकांतली सगळी हवा सोडून दिली, दाराला कुलूप लावलं आणि कडीला बारीक दोरा बांधून गेलो. पुढच्या रविवारी दोरा जसाच्या तसा होता. आत येऊन अंगठा लावला. टायर दगडासारखं कडक. मी बाहेर येऊन गल्लीत उभा राहिलो, बराच वेळ, उन्हात. पुन्हा कधी पडताळून पाहिलं नाही.

खोलीची मालकीण म्हणजे शेजारच्या घरातली आजी, गावची मूळची. तुम्ही गेल्यावर तीन वर्षांनी मी ही खोली घेतली, तेव्हा तिने तुम्हाला कधी पाहिलेलं नाही, की तुमच्याबद्दल ऐकलेलं नाही. गेल्या शिमग्याच्या आसपास भिंतीपलीकडे भांडी घासता घासता तिने मला विचारलं, "तू रोज सकालचे येतंस का रं?" म्हटलं, नाही आजी, रविवारचा येतो फक्त. ती थांबली. "मंग पंप कोन मारतं? मी भांडी घासतंव ना, मना आयकू येतं आतून." मी म्हटलं, कुणाच्या तरी पाण्याच्या मोटरचा आवाज असेल. आजीला ते अजिबात पटलं नाही. "मोटर काय मोजून चालतं काय? यो मोजतं. ईस झाले का थांबतं. मंग दुसऱ्या चाकाला ईस." तिच्या दृष्टीने त्यात भिण्यासारखं काही नव्हतं, भाडेकरूकडे माणूस येतो, आपलं काम करतो आणि जातो. तिने पुढची कढई घेतली. माझ्यासाठी मात्र भिण्यासारखं होतं, कारण एका चाकाला वीस दट्टे, ना एक कमी ना एक जास्त, हे सबंध नवी मुंबईत मी एकाच माणसाला मोजताना ऐकलं आहे. मी सोळावर थांबलो तर ओरडायचात. सर, तुम्ही ती सायकल कुणासाठी तयार ठेवताय हे तेव्हा कळलं नाही. मला वाटलं माझ्यासाठी. वाटलं, त्याच उतारावर मला पाठवायचं असेल. भीती वाटली आणि खरं सांगतो, त्या भीतीत थोडं सुटल्यासारखंही वाटलं. तरी चालवली नाहीच.

इथवर काल लिहिलं होतं. आज ती येऊन गेली.

नऊला येते म्हणाली आणि सव्वाआठलाच दारात हजर. तुमच्याइतकीच उंच आहे. तुम्ही गेलात तेव्हा ती कॉलेजात होती, आता ऐरोलीत काकूंना सांभाळून नोकरी करते. आत आली, एकवीस सायकलींकडे पाहून म्हणाली, "बाप रे, दादा, ह्या सगळ्या चालवतोस तू?" मी म्हटलं, पाच-सहा. "मग बाकीच्यांचं काय लोणचं घालणारेस?" मला हसू आलं, तुमचाच टोमणा, फक्त वेग जास्त. मी जांभळी खाली उतरवली. तिने बसून पाहिलं. सीट वर-खाली करावी लागली नाही, पाय बरोबर पोचले. मग तिने दोन्ही हात हँडलवर ठेवले आणि तिचा चेहरा बदलला. फोन काढून तुमचा निवृत्तीच्या दिवशीचा फोटो उघडला, मोठा केला. "दादा, हे हँडल ते नाही. फोटोत वेगळं आहे, चकचकीत." मी म्हटलं, हो, वेगळं आहे. "का बदललं?"

मी ठरवलं काहीच नव्हतं. कपाटाच्या खालच्या खणातून वर्तमानपत्रात गुंडाळलेले ते दोन तुकडे काढले आणि तिच्यापुढे ठेवले. मग सांगितलं. माळा, स्टिकर, पॉलिश, तुमचा प्रश्न, माझं हो. सॅक. खडी. एका दमात सांगितलं, मध्ये थांबलो असतो तर पुढे गेलो नसतो. ती स्टुलावर बसली होती. तिने एक तुकडा उचलला आणि मोडलेल्या कडेवरून बोट फिरवलं. कड अर्धी काळी आहे आणि अर्धी अजून पांढरी, म्हणजे अर्धं हँडल आधीपासूनच तुटलेलं होतं. तिला ते कुणी समजावून सांगायची गरज नव्हती, तुमची मुलगी आहे. पलीकडे आजीची भांडी वाजत होती. शेवटी ती म्हणाली, "अकरा वर्षं दादा. दर भाऊबीजेला तू घरी येतोस. आई तुला ओवाळायला लावते मला." मी हो म्हटलं. "आईला तू सांगू नकोस. मी सांगीन, मला जमेल तेव्हा. आणि ह्या वर्षी येऊ नको." मी मान हलवली. माफी मागावी असं वाटत होतं, पण मागितली असती तर तिला ती द्यायची की नाही हे ओझं तिच्यावर पडलं असतं, म्हणून मागितली नाही. ते तुकडे तिने स्वतःच्या बॅगेत ठेवले. मग उठून सायकल फिरवली, दाराच्या उंबऱ्यापर्यंत नेली आणि तिथे थांबून, माझ्याकडे न बघता विचारलं, "तू पहिला पोचलास ना? बाबा काही बोलले तेव्हा?"

मी म्हटलं, "नाही गं. काहीच नाही. लगेच गेले."

ती मान हलवून सायकलवर बसली आणि गल्लीतून निघाली. आजी ओट्यावरून तिच्याकडे बघत होती. ती टेकडीवर गेली की सरळ ऐरोलीला, मला माहीत नाही, विचारायचा हक्कही नाही. खोलीत आता वीस सायकली आहेत. भिंतीवर जिथे जांभळी टांगलेली होती तिथे दोन खुंट्या उरल्यात, आणि तुमची चाहूल नाही. तुम्ही तिच्यामागे गेला असाल असं धरून चालतो. तुम्ही माझ्यासाठी थांबला नव्हता हे कळलं आणि त्याचंही वाईट वाटलं, माणूस कशाकशाचं वाईट वाटून घेईल सांगता येत नाही. हे सगळं कागदावर उतरवून तिच्या हाती द्यावं असं काल मनात होतं. आता देता येणार नाही, कारण आज सकाळी उंबऱ्यावर मी तिच्याशी पुन्हा खोटं बोललो आहे, आणि हे खोटं मी बदलणार नाही.

तुम्ही मला हाक मारली होतीत, सर. सोनार नाही म्हणालात, माझं नाव घेतलंत, हळू, आणि मग नुसतं "अरे" म्हणालात. दोन पावलांवर होतात. मी तुमच्याकडे पाठ करून सायकल उभी केली होती आणि पुढचं चाक फिरवून बघत होतो, रिम वाकली का ते. मी म्हटलं, "एक मिनिट, सर."